सहा सिलिंडरांची रांग आणि उसनी हवा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्या आमच्या कार्यशाळेच्या सरांना व्यासपीठाची ओढ कधीच नव्हती. वार्षिक समारंभात इतर शिक्षक पहिल्या रांगेत बसलेले असत, तेव्हा सर मागच्या दाराशी ध्वनिक्षेपकाच्या तारा सांभाळीत उभे असत. त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानात मोठमोठे सिद्धान्त मांडावेत हे मला प्रशस्त वाटेना. म्हणून मी विषय निवडला तो त्यांच्याच कार्यशाळेच्या कोपऱ्यातला. उत्तरेकडच्या खिडकीखाली लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेले ते जुने, सहा सिलिंडरांचे डॉज इंजिन आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. हरणीच्या विमानतळावरून विमान उठले की खिडकीच्या काचा थरथरत, सर बोलता बोलता थांबत, आवाज विरेपर्यंत वाट पाहत, आणि मग त्या इंजिनाच्या ब्लॉकवर बोटाने टिचकी मारून म्हणत, "तेही हवाच खाते, आणि हेही."

हा विषय निवडण्याला एक तात्कालिक कारणही आहे. काही महिन्यांपूर्वी आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काही उत्साही मंडळींनी एक प्रस्ताव मांडला. शाळेतील हे इंजिन पुन्हा बांधावे, त्यावर टर्बोचार्जर बसवावा, आमच्याच एका वर्गबंधूच्या वाड्यात कित्येक वर्षे उभ्या असलेल्या डॉज मोटारीत ते घालावे आणि शाळेच्या वर्धापनदिनी ती मोटार हरणीपासून सुरसागरापर्यंत न्यावी, असा तो प्रस्ताव. माझे आयुष्य पुण्यात डिझेल इंजिनांच्या सहवासात गेले म्हणून त्यांनी माझे मत मागितले. मत देण्यापूर्वी या सहाच्या रांगेचा आणि त्या उसन्या हवेचा इतिहास एकदा सलगपणे आपल्यापुढे ठेवावा असे मला वाटले. हा इतिहास परदेशात सुरू होतो, पण तो बडोद्याला आणि महाराष्ट्राला अनेक ठिकाणी शिवून गेला आहे.

प्रथम सहाच का, आणि एका रांगेतच का, हे पाहू. चार सिलिंडरांच्या इंजिनात दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात; वरवर पाहता तोल साधलेला दिसतो. परंतु जोडदांडा तिरपा होत असल्यामुळे वर जाणाऱ्या व खाली येणाऱ्या पिस्टनांची गती नेमकी सारखी राहत नाही, आणि प्रत्येक फेऱ्यात दोनदा एक झटका शिल्लक उरतो. सहाच्या रांगेत पहिला व सहावा, दुसरा व पाचवा, तिसरा व चौथा अशा जोड्या एकदम चालतात आणि जोड्यांमध्ये १२० अंशांचे अंतर असते. त्यामुळे हे झटके परस्परांना पुरते खाऊन टाकतात. ठिणगीचा क्रम १-५-३-६-२-४ असा. एका सिलिंडराचा जोर ओसरण्यापूर्वीच पुढच्याचा लागलेला असतो. सहा भोयांनी पावले जुळवून पालखी उचलावी तशी ही चाल आहे. सर त्या इंजिनाचा दांडा हाताने फिरवून दाखवीत तेव्हा आम्हांला हे गणिताशिवाय समजले होते. गणित पुष्कळ नंतर आले.

हॉलंडमधील स्पायकर कारखान्याने १९०३ मध्ये सहा सिलिंडरांची मोटार बांधली, ती या जातीची पहिली मानतात. पण रांग लांबली की तिचा क्रँकदांडाही लांबतो, आणि लांब दांडा पिळवटतो. ठरावीक गतीला तो असा थरथरू लागे की काही कारखान्यांचे दांडे चक्क तुटले. इंग्लंडात लँचेस्टर व रॉइस या दोघांनी दांड्याच्या टोकाला थरथर शोषणारी चकती बसवून यावर उपाय काढला. १९०६ मध्ये रॉइसने बांधलेले सात लिटरांचे इंजिन तीन-तीन सिलिंडरांच्या दोन ब्लॉकांचे होते आणि त्याचा दांडा सात बेअरिंगांवर टेकलेला होता. पुढे 'सिल्व्हर घोस्ट' या नावाने जगप्रसिद्ध झालेली ती हीच गाडी. हिंदुस्थानातल्या संस्थानिकांनी ती हौसेने घेतली. त्या गाड्यांबद्दल आपण नेहमी चांदीचे दिवे आणि मखमली बैठकी यांच्याच कथा ऐकतो. बॉनेटखालच्या सात बेअरिंगांविषयी कुणी बोलत नाही. हा सात आकडा लक्षात असू द्यावा, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता हवेकडे वळू. एक किलो पेट्रोल नीट जळण्यास जवळजवळ पंधरा किलो हवा लागते. पेट्रोल कितीही ओतता येते, परंतु सिलिंडराच्या पोकळीत हवा मावते तेवढीच मावते. इंजिनाची शक्ती ठरते ती इंधनाने नव्हे, श्वासाने. बडोदे समुद्रसपाटीपासून जेमतेम पस्तीस-चाळीस मीटर उंच आहे. तेच इंजिन महाबळेश्वरी नेले की तेथील हवा सुमारे एक अष्टमांशाने विरळ असते आणि शक्तीही साधारण तितकीच घटते. यावर उपाय उघड आहे: हवा दाबून भरावी. पण दाबण्यासाठी लागणारी शक्ती कोठून आणावी? इंजिनाच्याच दांड्यावरून दंतचक्राने पंखा फिरविला तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने थोडेफार परत घेतल्यासारखे होते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये जे पेटंट मिळविले, त्यातली कल्पना अशी की इंधनातील उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भाग धुराबरोबर वाया जातो, तर त्या धुराकडूनच पंखा फिरवून घ्यावा. धुराच्या वाटेत एक चक्र, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला हवा दाबणारे चक्र, हाच टर्बोचार्जर. कल्पना एवढी सोपी, पण ती यशस्वी होण्यास वीस वर्षे लागली. १९२५ मध्ये ब्यूखीला डिझेल इंजिनाची शक्ती चाळीस टक्क्यांहून अधिक वाढविता आली. मधल्या काळात अडले होते ते धातूंवर. लाल होईपर्यंत तापणारे आणि मिनिटाला हजारो फेरे घेणारे चक्र टिकेल असे पोलाद आणि बेअरिंगे तेव्हा हाताशी नव्हती.

दरम्यान अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ साली एक विमानइंजिन मालमोटारीवर चढवून कोलोरॅडोतील पाइक्स पीक या चौदा हजार फूट उंच शिखरावर नेले. पायथ्याच्या हवेत साडेतीनशे अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर सुमारे २३० वर आले. टर्बो जोडताच पुन्हा ३५० च्या वर गेले. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी बॉम्बफेकी विमानांच्या इंजिनांवर याच परंपरेतील टर्बो होते. ब्रिटिशांनी मात्र दंतचक्राचा मार्ग धरला, आणि येथे बडोद्याचे नाव या इतिहासात येते. महाराजा प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या काळात बडोदे संस्थानाने स्पिटफायर विमानांसाठी देणगी दिली आणि ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला 'बरोडा' हे नाव जोडले गेले. त्या तुकडीकडे पुढे अतिउंचीवर उडणारी, बंदिस्त दाबाच्या कोठडीची स्पिटफायरे आली. त्यांतील मर्लिन इंजिन सत्तावीस लिटरांचे आणि बारा सिलिंडरांचे, म्हणजे एकाच दांड्यावर तिरपे टेकलेले दोन सहांच्या रांगांचे जुडगे! विरळ हवेत त्याचा प्राण टिकून राही तो दाबून भरलेल्या हवेमुळे. हरणीच्या मुलांना हे ठाऊक असायला हवे, असे सरांना नेहमी वाटे.

येथवर आपण ज्या यंत्रांविषयी बोललो त्यांत आपला भाग पैसे देण्याचा होता. मोटार आपल्याकडे बांधावी हा विचार गंभीरपणे पुढे आला तो १९३५ च्या सुमारास, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या योजनेमुळे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेल्या आणि मुंबई इलाख्यात नोकरी केलेल्या या अभियंत्याने युरोप-अमेरिकेचे कारखाने पाहून आराखडा तयार केला. वालचंद हिराचंद त्यात उतरले. सोलापुरात जन्मलेल्या या गुजराती घराण्यातील पुरुषाने जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही वाहनांचे कारखाने काढण्याचा ध्यास घेतला होता. बाळासाहेब खेरांच्या मुंबई मंत्रिमंडळाने योजनेला अनुकूलता दाखविली, पण १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले, मंत्रिमंडळे गेली आणि दिल्लीच्या परकी सरकारने हात आखडता घेतला. वालचंदांनी १९४० मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये डॉज, प्लिमथ, डी सोटो या गाड्या बाहेर पडू लागल्या. बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सचा आरंभ तर १९४२ मध्ये ओखा बंदरातल्या छोट्या जुळणी-कारखान्याने झाला होता, आणि ओखा हे बडोदे संस्थानाचे बंदर. तो कारखाना पुढे बंगालमध्ये उत्तरपाड्यास गेला. वालचंदांनी १९५३ मध्ये देह ठेवला तो सिद्धपूरला. तेही जुने बडोदे संस्थानच. या योगायोगांना मी फार अर्थ देत नाही, पण आपल्या गावाच्या इतिहासात राजवाडे आणि चित्रे यांच्या जोडीने हेही सांगितले जावे.

शाळेतील आपले इंजिन आहे ते याच क्रायस्लर कुळातले. साडेतीन लिटरांहून किंचित मोठे, व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच बाजूला बसविलेले, हेड सपाट पाटासारखे, शक्ती साधारण पंच्याण्णव घोड्यांची. ते साधे आहे, सोशीक आहे, आणि त्याच्या दांड्याला बेअरिंगे आहेत चार. सात नव्हेत, चार.

कुर्ल्याच्या कारखान्याविषयी अनुदारपणे बोलणे मला आवडणार नाही; ज्या काळात सरकारच वाटेत उभे होते त्या काळात तो निघाला हेच मोठे. तरीही आरंभी तेथे झाली ती जुळणी. पेट्यांतून आलेले भाग बोल्ट आवळून एकत्र करणे ही एक विद्या आहे, आणि ओतकामातून ब्लॉक काढून त्याची बोअर एका इंचाच्या हजाराव्या भागाइतक्या अचूकतेने कापणे ही दुसरी. पहिली महिन्यांत येते. दुसरीला एक पिढी लागते. किर्लोस्करवाडीच्या लोखंडी नांगरापासून निघालेली वाट १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सपर्यंत पोहोचली, तिला एक पिढी लागलीच. त्या काळात एका सिलिंडराच्या इंजिनांनी विहिरींवरच्या मोटा थांबविल्या. सौराष्ट्रात राजकोटच्या कारागिरांनीही लिस्टर पद्धतीच्या इंजिनांचा मोठा धंदा उभा केला. सहाच्या रांगेला याच मुळांवर उभे राहावे लागले.

येथे एक शर्यत सांगितली पाहिजे, कारण माजी विद्यार्थ्यांच्या प्रस्तावाला जगाच्या इतिहासातला सर्वांत जवळचा दाखला तोच आहे. १९५२ च्या मे महिन्यात अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत कमिन्स कंपनीने एक डिझेल मोटार उतरविली. इंजिन सहाच्या सरळ रांगेचे, ६.६ लिटरांचे, गाडी बुटकी व्हावी म्हणून जवळजवळ आडवे निजविलेले, आणि त्यावर टर्बोचार्जर. त्या शर्यतीत टर्बो लावलेली गाडी त्यापूर्वी कुणी आणली नव्हती. चालक फ्रेड अगाबाशियन याने पात्रता फेरीत ताशी १३८ मैलांचा वेग गाठून सर्वांत पुढची जागा पटकावली. तेलाच्या धुराची चेष्टा करणारे प्रतिस्पर्धी गप्प झाले. शर्यत दोनशे फेऱ्यांची होती. एकाहत्तराव्या फेरीनंतर गाडी बाहेर पडली. टर्बोचे हवा ओढण्याचे तोंड नाकाशी, जमिनीलगत होते. टायरांच्या झिजलेल्या रबराचा चुरा त्यात ओढला जाऊन वाट तुंबली. इंजिन शाबूत होते. त्याचा श्वास कोंडला होता.

हीच कमिन्स कंपनी दहा वर्षांनी पुण्याला आली. १९६२ मध्ये शंतनुराव किर्लोस्करांच्या पुढाकाराने किर्लोस्कर कमिन्स स्थापन झाली आणि कोथरूडच्या माळावर कारखाना उभा राहिला. (१९९० च्या दशकात किर्लोस्करांचा वाटा संपून ती कमिन्स इंडिया झाली.) तेथे बांधलेल्या 'एन' मालिकेतील इंजिनांत १४ लिटरांचे, सहाच्या सरळ रांगेचे इंजिन होते आणि त्याच्या टर्बो लावलेल्या रूपाला 'एन-टी' म्हणत. बोअर १४० मिलिमीटर, पिस्टनाची धाव १५२ मिलिमीटर. दर दोन सिलिंडरांवर एक याप्रमाणे तीन स्वतंत्र हेड. आणि दांड्याला बेअरिंगे सात. खाणींतील डंपर आणि रुग्णालयांची व कारखान्यांची जनित्रे यांत ही इंजिने राबली. मराठी कामगारांनी, मराठी मातीत, टर्बो लावलेली सहाची रांग बांधली ती अशी. मोटारींच्या हौशी जगात हा प्रकार बराच उशिरा रूढ झाला. जपानच्या निस्सानने दोन लिटरांच्या सरळ सहावर टर्बो लावलेली सेड्रिक गाडी बाजारात आणली ती १९७९ मध्ये.

या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट मात्र इंजिनाची नाही. टेल्कोने १९६६ च्या सुमारास पुण्यात कारखाना काढावयाचे ठरविले तेव्हा सुमंत मुळगावकर यांनी मालमोटारींच्या आधी यंत्रे बनविणारी यंत्रे आणि शिकाऊ मुलांची कार्यशाळा यांना हात घातला. गाडी नंतर; आधी ती बनविणारे हात. बडोद्याला हे नवे नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले आणि त्रिभुवनदास गज्जर यांना त्याचे प्रमुख नेमले, तेव्हा हाच विचार होता. रंगकाम, यंत्रकाम, चित्रकला हे सारे देशी भाषांतून शिकवावे, त्यासाठी शास्त्रीय ग्रंथ आणि परिभाषा तयार करावी, असा गज्जरांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ निघाल्यावर कलाभवन त्याची तंत्रविद्याशाखा झाले, पदव्या वाढल्या, आणि देशी भाषा मागे पडली. हे अपरिहार्य होते असे पुष्कळ जण म्हणतात. माझे मत तसे नाही. आमचे सर 'पिस्टन' म्हणत आणि 'दट्ट्या'ही म्हणत; मिस्त्री 'दहा थाऊ' म्हणाला की त्याचा अर्थ इंचाचे दहा हजारांश, हेही सांगत. शब्द कोठून आला याची त्यांना फिकीर नव्हती. तो मुलाच्या हातापर्यंत पोहोचला की नाही एवढेच ते पाहत.

आता एक कबुली. तरुणपणी पुण्यात नोकरी करीत असताना आम्ही चार मित्रांनी एका जुन्या, सहा सिलिंडरांच्या पेट्रोल मोटारीवर भंगारातून आणलेला टर्बो चढविला होता. टर्बोच्या बेअरिंगांना तेलाची नळी दिली, धुराचा मार्ग वळविला, आणि दाबलेली हवा कार्ब्युरेटरमधून इंजिनात सोडली. एक गोष्ट राहिली. दाबलेली हवा कार्ब्युरेटरच्या नरड्यातून जात असेल तर फ्लोट चेंबरच्या वरच्या पोकळीलाही तोच दाब द्यावा लागतो. नाहीतर दाब वाढला की पेट्रोल येणेच थांबते. सपाट रस्त्यावर हे लक्षात आले नाही. बोरघाटाच्या चढावर टर्बो पुरता जागा झाला, मिश्रण कोरडे पडले, सिलिंडरांत ठोके सुरू झाले, आणि खंडाळ्याच्या अलीकडे पाचव्या पिस्टनाच्या माथ्याला रुपयाएवढे भोक पडले. आम्ही आठ महिन्यांचे काम अर्ध्या तासात जाळले. मी ही हकीकत सरांना पत्राने कळविली. त्यांचे उत्तर आले पोस्टकार्डावर, एका ओळीत: पिस्टन पाठवून दे. तो त्यांनी इंजिनाशेजारच्या फळीवर ठेवला आणि खाली चिठ्ठी लावली, 'घाई, पाचवा सिलिंडर'. माझे नाव घातले नाही. ती चिठ्ठी मी कालच पुन्हा पाहिली. शाई फिकी झाली आहे, पण वाचता येते.

या अनुभवाच्या बळावर प्रस्तावाविषयी बोलतो. आपल्या इंजिनाचा दाबगुणक कमी, सात पटींच्या आसपास, आहे. ते बांधले त्या काळचे पेट्रोल निकृष्ट होते म्हणून तो तसा ठेवावा लागला. हे टर्बोच्या पथ्यावरच पडते, आणि आजचे पेट्रोल त्याहून पुष्कळ चांगले आहे. मात्र त्यातील वीस टक्क्यांपर्यंतचे इथेनॉल जुन्या रबरी नळ्यांना आणि पंपाच्या पडद्याला सोसत नाही; ते सारे बदलावे लागेल. आता हिशेब करू. समजा, आपण हवेचा दाब चाळीस टक्क्यांनी वाढविला. वैशाखातील बडोद्याची हवा ४२ अंशांची. दाबल्यामुळे ती तापते. चांगल्यापैकी टर्बोतूनही ती सुमारे नव्वद अंशांवर बाहेर पडेल, आणि तापलेली हवा फुगते. दाब वाढला चाळीस टक्के, पण सिलिंडरात जास्तीची हवा गेली ती वीस-एकवीस टक्केच. पंच्याण्णव घोड्यांचे फार तर एकशेपंधरा झाले. मधे हवा थंड करणारा रेडिएटर बसविला तर आणखी थोडे मिळतील. त्या बदल्यात बाजूच्या व्हॉल्व्हांच्या अरुंद वाटांवर, लाल होणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हांवर आणि त्या चार बेअरिंगांवर किती भार पडेल, याचा हिशेब इतक्या सहज मांडता येत नाही. कोथरूडच्या इंजिनाला सात बेअरिंगे होती म्हणून त्याने टर्बो पेलला. आपल्या इंजिनाला त्याच्या कर्त्यांनी तसा वरच दिलेला नाही.

दुसरी अडचण कायद्याची आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' म्हणून वेगळ्या नोंदणीचे नियम केले. त्यांत गाडी मूळ रूपात असली पाहिजे. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा अशी अट आहे. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या प्रांगणात जुन्या गाड्यांचे जे मोठे प्रदर्शन भरले ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. अशा ठिकाणी परीक्षक प्रथम पाहतात ते मूळपणच. वर्गबंधूच्या वडिलांनी जपलेली डॉज कुर्ल्याच्या पहिल्या काही वर्षांतील आहे. तिच्यासारख्या किती उरल्या असतील? तिच्या बॉनेटखाली टर्बो बसला की ती आमची गंमत होईल, वालचंदांच्या कारखान्याचा पुरावा राहणार नाही.

म्हणून माझी सूचना अशी. गाडीला हात लावू नये. तिचे स्वतःचे इंजिन तिच्यातच, मूळ मापाने दुरुस्त व्हावे. शाळेचे इंजिन मात्र शाळेचे आहे, ते शिकण्यासाठीच आले. ते पक्क्या चौथऱ्यावर बसवावे आणि टर्बो त्यावर लावावा. हवा दाबण्यापूर्वी व नंतर तापमापक ठेवावेत, दाब एकदम न वाढविता पायरी-पायरीने वाढवावा, आणि प्रत्येक पायरीचे आकडे मुलांनी वहीत उतरवावेत. आकडे मराठीत लिहावेत की गुजरातीत, हे मुलांनी ठरवावे. इंजिन बंद करण्यापूर्वी एक-दोन मिनिटे ते मंद चालू ठेवावे. मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेणारे ते चक्र थांबण्याआधी त्याचे तेल जळता कामा नये, ही गोष्ट आपल्या बसचालकांनाही ठाऊक असते. आणि वही लिहिण्याच्या कामात मुलींना मागे ठेवू नये. पुण्यात कर्वे संस्थेने याच इंजिनांच्या नावाचे, मुलींसाठीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ मध्येच काढले. आपल्या कार्यशाळेत मात्र त्यांच्यासाठी बाके कधी वाढली ते सांगण्यासारखे नाही.

व्याख्यानाच्या निमित्ताने मी चार दिवस आधी येथे आलो आणि नववीच्या सहा मुलांना घेऊन ब्लॉक उघडला. हेड काढण्यास पूर्ण एक दुपार गेली. दोन बोल्ट गंजून जखडले होते, त्यांना रॉकेल पाजून रात्रभर ठेवावे लागले. सरांचा मायक्रोमीटर अजून बरोबर आहे. बोअर वरच्या काठाशी अकरा थाऊ झिजली आहे, तेव्हा वीस थाऊ ओव्हरसाइझ पिस्टन घालावे लागतील. दांड्याचे तिसरे जर्नल किंचित लंबगोल झाले आहे, ते ग्राइंड करून घ्यावे लागेल. एका मुलीने चौथे जर्नल तीनदा मोजले आणि तीनदा वेगळे उत्तर आले. ती शनिवारी पुन्हा मोजणार आहे.